तलाव झाकलेला असताना

ही घटना माझ्या आत्याच्या बाबतीत घडलेली आहे. शंभर टक्के खरी. मी तिला तिखटमीठ लावणार नाही. त्यातल्या मिठाचा विषय तसाही पुढे येणारच आहे.

आणि एक आधीच सांगून ठेवते. यात काळोखी रात्र नाही, स्मशान नाही, कुत्री रडत नाहीत. जे घडलं ते भर दुपारी घडलं. जेवणं उरकून घराघरांत माणसं आडवी होतात, त्या वेळेला...

आत्या पोहण्याच्या तलावांची यंत्रं दुरुस्त करते. लोक तिला 'पूलवाली' म्हणतात. बोलायला ती फटकळ, पण यंत्रांशी लाडीगोडीने बोलते. "माझ्याशी कधी असं बोललीस का?" म्हणून आतोबा तिला चिडवतात. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

नव्हता.

त्या घरी तिला बोलावलं ते शाळेत गणित शिकवणाऱ्या एका बाईंनी. घराच्या मागच्या बाजूला एक बंदिस्त खोली आणि त्यात छोटासा तलाव. मिठाच्या पाण्याचा. अशा तलावात क्लोरीन ओतावं लागत नाही. पंप पाणी फिरवतो, ते एका जाड नळीतून जातं. त्या नळीला सेल म्हणतात. आत धातूच्या पट्ट्या असतात. त्यांत वीज सोडली की पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन तयार होतं, जंतू मारतं, आणि पुन्हा त्याचं मीठ होतं.

बाईंच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डावा पाय उचलत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सोमवारपासून त्यांना रोज पाण्यात चालवा, तरच पायात बळ परत येईल. पण पाणी स्वच्छच हवं. अंथरुणाला खिळून त्यांच्या टाचेला जखम झाली होती आणि ती आत्ता कुठे भरत आली होती.

आणि नेमकं पाण्यात क्लोरीन टिकत नव्हतं. सकाळी भरपूर. संध्याकाळी नावालाही नाही.

"पोहतं कोण यात?" आत्याने विचारलं.

"कुणीच नाही, ताई. आई गेली तेव्हापासून तलाव झाकूनच आहे. वर्ष होत आलं."

आत्या कामाला लागली. मीठ मोजलं, बरोबर होतं. सेल उघडला. पट्ट्यांवर पांढरा थर बसला होता. तो तिने पातळ ॲसिडने धुतला, पट्ट्या लखलखल्या. पाणी फार गार असलं तरी यंत्र थांबतं, पण पाणी कोमट होतं. गळती नव्हती. उन्हाने क्लोरीन उडतं म्हणावं, तर त्या खोलीत ऊनच येत नव्हतं. यंत्रावर हिरवा दिवा जळत होता. तिने यंत्र पूर्ण क्षमतेवर लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन पाहते, तर क्लोरीन गायब.

"कुठेतरी पाणी मुरतंय," आत्या म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर हसली.

मग तिला तो वास आला... आणि तिचं हसू विरलं.

तो वास तुम्हालाही माहीत आहे. पोहण्याच्या तलावाचा, डोळ्यांना झोंबणारा. लोकांना वाटतं, असा वास आला म्हणजे पाणी स्वच्छ आहे. खरं तर उलट असतं. स्वच्छ तलावाला जवळजवळ वास येत नाही. वास येतो तो क्लोरीन वापरलं गेल्यावर. माणसाच्या अंगाचा घाम, कातडीचा मळ त्यात मिसळला की.

"तो वास क्लोरीनचा नसतो गं," आत्या मला म्हणाली होती. "माणसांचा असतो."

तिने तलावातलं पाणी छोट्या काचेच्या नळीत घेतलं आणि त्यात तपासणीची गोळी टाकली. ताजं क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. झालं नाही. मग दुसरी गोळी टाकली. ही गोळी वापरून झालेलं क्लोरीन दाखवते.

पाणी गुलाबी झालं. अगदी गडद.

म्हणजे क्लोरीन उडून गेलेलं नव्हतं. कुणाच्या तरी अंगावर खर्च झालं होतं.

पुढच्या दिवशी आत्या जेवणाच्या वेळेलाच तिथे जाऊन बसली. काठावर प्लास्टिकचं स्टूल, हातात काचेची नळी. तलावावर फुगेवाल्या प्लास्टिकची चादर अंथरलेली होती. पाण्याला चिकटून, सपाट. पंप गुणगुणत होता. आतल्या स्वयंपाकघरात बाई भांडी आवरत होत्या.

भांड्यांचा आवाज थांबला.

थोड्या वेळाने पंपाचा आवाजही येईना. आत्याने यंत्राकडे पाहिलं. दिवा हिरवा होता. दाबाचा काटा हलत होता. पंप चालू होता...

फक्त ऐकू येत नव्हता.

मग चादर हलली.

उथळ बाजूला चादरीला एक फुगवटा आला. अगदी हलका. तो सावकाश खोल बाजूकडे सरकू लागला. पार टोकाला गेला. तिथे थांबला, दम खायला थांबावं तसा. आणि वळून परत आला.

पुन्हा गेला. पुन्हा आला.

दुसरं कुणी पळूनच गेलं असतं. पण ती पूलवाली. तिने चादरीचा कोपरा धरला आणि सगळं बळ लावून ती ओढून काढली.

पाणी तळापर्यंत नितळ. आत कुणीही नव्हतं.

फक्त शिडीचा स्टीलचा दांडा थरथरत होता. कुणीतरी नुकताच सोडलेला असावा तसा.

आणि तो वास... नाकात घुसणारा. आत्याने नळीत पाणी भरलं आणि दुसरी गोळी टाकली.

"झालं का तिचं?"

आत्या दचकून मागे वळली. दारात चाकांच्या खुर्चीत बाईंचे वडील बसले होते. झटक्यानंतर ते अडखळत बोलायचे. त्या दिवशी अडखळले नाहीत.

"कुणाचं, काका?"

"हिचं. जेवण झालं की पोहायची. एक दिवस चुकवला नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात." ते हसले. "हिची मेल्यावरही गेली नाही."

आत्याने रिकाम्या पाण्याकडे पाहिलं.

"सोमवारी मी उतरणार," ते म्हणाले. "पाण्यात पाय दुखणार नाही तुमचा, म्हणते. एवढा उशीर का करताय, म्हणून रोज विचारते."

म्हातारपणाची बडबड म्हणून आत्याने ते एरवी सोडून दिलं असतं. पण तिच्या हातातल्या नळीतलं पाणी गडद गुलाबी होतं.

विषाची परीक्षा कशाला घ्यायची?

ती आत गेली आणि बाईंना म्हणाली, "सेल गेला. नवा मागवायला लागेल. महिना तरी लागेल. तोवर बाबांना पाण्यात अजिबात उतरवू नका, जखम चिघळेल."

यंत्राबद्दल ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली.

बाईंचा चेहरा पडला. "महिन्याभरात पाय पार आखडेल हो त्यांचा. त्यांनी पुन्हा चालावं, एवढंच मागणं होतं माझं."

पाय आखडू दे, पण माणूस राहू दे, आत्या मनात म्हणाली. तिने पंप बंद केला. सेल काढला, गोणपाटात गुंडाळला आणि घरी घेऊन आली. खोलीला कुलूप लावायला सांगितलं. तो तलाव आता कुणालाही सुरू करता येणार नव्हता.

सोमवारी दुपारी आत्याचा फोन वाजला. बाई होत्या.

"ताई, तुम्ही आज येऊन गेलात का इकडे?"

"नाही. का?"

"अहो, पॅसेजमध्ये तलावाचा वास भरलाय. खोलीला तर कुलूप आहे. किल्ली माझ्याकडेच आहे..."

आत्या ताडकन उठून उभी राहिली.

"बाबा कुठे आहेत?"

"झोपलेत. आत्ताच जेवले."

"त्यांच्या खोलीत जा. फोन ठेवू नका. आधी जा."

फोनमधून चपलांचा आवाज आला. मग दार उघडल्याचा.

"इथे तर जास्तच येतोय वास," बाई म्हणाल्या.

मग काहीच नाही.

"बाबा?"

...

"बाबा..."

डॉक्टरांनी सांगितलं, झोपेतच हृदय थांबलं. त्रास झाला नाही. या वयात असं होतं.

होत असेल. पण आत्या लगेच तिथे गेली होती. तिने त्यांना पाहिलं. अंथरूण कोरडं. कपडे कोरडे. केस कोरडे. आणि दोन्ही हातांच्या बोटांची टोकं पांढरी, फुगलेली, बारीक सुरकुत्या पडलेली. फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी. पायांचे तळवेही तसेच.

बाई ती बोटं हातात धरून बसल्या होत्या. "आईची व्हायची अशी," एवढंच म्हणाल्या. "रोज दुपारी."

आत्याने कुलूप उघडायला लावून तलावाचं पाणी तपासलं. पहिली गोळी टाकली. काही नाही. दुसरी टाकली. तरीही काही नाही.

वाससुद्धा नव्हता. आता त्या पाण्यात कुणीच नव्हतं.

आत्या इथवरच सांगते. एकदा मी तिला म्हटलं, "अगं, तू त्यांना वाचवायलाच गेली होतीस ना? आज ना उद्या ते जाणारच होते."

"ती वर्षभर पाण्यात होती," आत्या म्हणाली. "पाण्याबाहेर एकदाही आली नव्हती. मी तिचं पाणी बंद केलं, म्हणून त्यांना न्यायला तिला घरात यावं लागलं."

मग स्वतःच्या हातांकडे बघत ती म्हणाली,

"ते पाण्यात उतरले असते, तर मुलगी हात धरून शेजारी उभी असती. तिने सोडला नसता हात. मी त्यांना खोलीत एकटं ठेवलं गं."

तो सेल अजून आत्याकडेच आहे. तिच्या घरातल्याच वर्कशॉपच्या फळीवर, गोणपाटात. बाईंनी कधी मागितला नाही. आत्याला तो परत करवत नाही आणि टाकवतही नाही.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. फळीवरून एक डबा काढताना तो सेल हाताला लागला. दोन वर्षं तो तिथे पडून आहे. त्यातून थेंबभर पाणी गेलेलं नाही.

माझा हात ओला झाला.

मी हात नाकाशी नेला... तलावाचा वास.

आत्या दारात होती. तिने माझा हात पाहिला. ती आतल्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे बघत होती.

आत आतोबा जेवून झोपले होते.

आम्ही दोघी धावत आत गेलो आणि त्यांना गदागदा हलवलं. ते डोळे चोळत उठले. "आग लागलीय का कुठे?" म्हणून वैतागले. मग चहा मागितला.

कप घेताना मी त्यांची बोटं पाहिली. कोरडी होती. नेहमीसारखी होती.

आत्याही पाहत होती.

त्या दिवसापासून ती दुपारची झोपत नाही. आतोबा घोरायला लागले की त्यांच्या उशाशी जाऊन बसते आणि त्यांचा हात हातात धरून ठेवते. "म्हातारपणी हिला प्रेम फुटलंय," असं ते सगळ्यांना सांगत सुटतात.

आम्ही त्यांना काहीच सांगितलेलं नाही. मी रोज जेवणं झाल्यावर आत्याला फोन करते. ती उचलते आणि हळू आवाजात एवढंच सांगते, "कोरडी आहेत."