जीवरामची घागर

ऐकून झाल्यावर हसायचं असेल तर हसा. मी स्वतः अजून काही ठरवू शकलेलो नाही.

१९८९ च्या मे महिन्यात धुळ्याच्या एका लहानशा संग्रहालयात मी चित्रांची यादी करत होतो. निवृत्त प्राध्यापकाला दुपार काढायला काम बरं होतं. त्यात एक तैलचित्र होतं. मॉरिशसला उसाच्या मळ्यात मजुरीला गेलेला तरुण, कोरडे ओठ, थेट नजर. मागे इंग्रजीत लिहिलेलं : जीवराम, पारोळा, १८६३.

मी वर्तमानपत्रात चार ओळी दिल्या. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी पारोळ्याहून भागाबाई आल्या. वय पंचाहत्तर, तरी चित्र पाहताच त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

“हाऊ मना आजलसासराना भाऊ. आखाजीले गयेल बठ्ठास्नी घागर भरतस आम्ही. यानी नही.”

“आजेसासऱ्यांचा भाऊ! मग याचीच का नाही?”

“मरना आशी खबरच उनी नही. जित्ता मानूसनी घागर कशी भरानी?”

म्हणजे मेल्याची खबर आली नाही म्हणून सव्वाशे वर्षं इतर पितरांसारखं याच्या नावानं कोणी पाणी ठेवलं नव्हतं.

“मृत्यूची नोंद सापडत नाही,” मी चाचरत म्हणालो. “पुराव्याशिवाय मी...”

“इतला पुस्तकं वाचात भाऊ, नि येवढं सांगता येस नही?”

त्या ओसरीत जाऊन बसल्या. मी पुन्हा कागद चाळू लागलो. शिपाई भिकन जेवायला गेला आणि सवयीनं माझ्या खोलीला बाहेरून कुलूप लावून गेला. थोड्या वेळानं वीज गेली. पंखा थांबला. रंगाचा, तापल्या पत्र्याचा वास दाटला. हाक मारायला उठलो, तर घशातून आवाज निघेना. जमीन वर आली.

मग मानेखाली कोणाचा तरी हात... गार. ओठांना पाणी लागलं. किंचित खारट.

“पे, भाऊ... पे...”

भिकननं कुलूप काढलं तेव्हा माझी कॉलर ओली होती.

“साहेब, पाणी कुठून आणलं? माठ तर बाहेर आहे.”

मी ओसरीत गेलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच पुराव्याशिवाय बोललो. “ते गेले, अक्का. भरा घागर.” कुलूपबंद खोलीत जिवंत माणूस येत नाही, एवढंच मला कळलं होतं. स्वतः तहानलेला राहून जीवरामनं मला पाजलं. ते उपकार मी रोज आठवतो.

दुसऱ्या दिवशी पारोळ्याला गेलो. भागाबाईंनी घागर भरली, वर खरबूज ठेवलं, हात जोडून नाव घेतलं, “जीवराम आबा...” त्यांचे डोळे भरून आले. माझेही.

पण त्या थांबल्या नाहीत. “मुनियम्मा,” त्या म्हणाल्या. “रामटहल. वेंकटस्वामी.”

“कोन शेतस ह्या, माय?” सुनेनं घाबरून विचारलं.

“माले ठाऊक नही,” म्हणत भागाबाईंनी पुढचं भांडं ओढलं. प्रत्येक नावाला एक भांडं भरावं लागलं. घरातली संपली, शेजारणींनी आपली आणून दिली. मी वहीत नावं लिहीत होतो, मद्रासकडची, बिहारकडची, त्याच्यासारखीच मॉरिशसच्या मळ्यांवर गेलेल्यांची असावीत; दोनशेच्या पुढे मोजलं नाही. दिवेलागणीला त्यांचा आवाज पूर्ण बसला.

ओठ मात्र हलतच होते.