बाकावरची मोकळी जागा

सरकारी कचेऱ्यांत जागा नसते असं लोक म्हणतात. साफ खोटं. जागा असते, ती कपाटं खातात. शहागंजजवळच्या दाखल्यांच्या कार्यालयाचा आराखडा माझ्याकडे आला, तेव्हा मी कपाटं भिंतीत बसवली, खिडक्या एका बाजूला घेतल्या आणि लोकांसाठी भिंतीलगत एकच लांब बाक ठेवला. बायको गेल्यानंतरचं हे माझं पहिलं काम. ते फसलं असतं, तर मुकुंदवाडीच्या रिकाम्या घरात नुसतं बसून राहावं लागलं असतं, आणि त्याची मला भीती वाटत होती.

पहिल्याच दिवशी गर्दी झाली. बाक भरला, पण मधोमध एका माणसाची जागा कुणी घेईना. बाहेर लोक उन्हात उभे आणि आत जागा मोकळी! मी चिडलो.

"सरका ना जरा," मी म्हणालो. सगळ्यांनी माना हलवल्या. सरकलं कुणी नाही.

खिळा वर आलाय का पाहिलं, पंख्याचा वारा लागतो का पाहिलं. शेवटी निजामुद्दीन सुताराकडून बाक समोरच्या भिंतीला लावून घेतला. थोड्या वेळात तिथंही मधोमध तेवढीच जागा सुटली. निजामुद्दीननं तिच्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"साहेब, लकडी गरम है." एवढं बोलून तो हत्यारं गोळा करायला लागला.

जागा मोजावी म्हणून मी टेप आणायला निघालो. जाताना, एसटीत टाकतो तसा, तिथं माझा रुमाल टाकला.

परत आलो तर बाक गच्च भरलेला. दाखल्यासाठी आलेली साळूबाई नावाची म्हातारी आता तिथं बसली होती. तिनं रुमाल माझ्या हातात दिला.

"तुमी जागा धरली, तसं उठलं की ते. तुमच्याच मागं गेलं."

"कोण?"

"तुमचंच माणूस असंल. आमाला काय ठावं?" तिनं माझ्या खांद्यामागं पाहिलं आणि पदर सावरला.

काम पास झालं.

संध्याकाळी बसमध्ये मरणाची गर्दी होती. माझ्या शेजारी मुकुंदवाडीपर्यंत कुणी बसलं नाही.

घरी ताट वाढून पलंगावरच जेवायला बसलो. भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, बरं वाटत होतं.

अर्धं जेवण झाल्यावर लक्षात आलं, एवढ्या मोठ्या पलंगावर मी अगदी कडेला, अंग चोरून बसलो होतो.