गळ नसलेला तंगूस

"चाकू दे, आणि बोटं लांब ठेव," बाबा म्हणाले.

बोटीचं इंजिन पाण्याबाहेर उचललं होतं. त्याच्या पंख्याला मासेमारीचा तंगूस, तो चिवट नायलॉनचा दोरा, असा आवळला होता, की पातीच दिसत नव्हती. आठवड्यातली ही तिसरी खेप. काल तर भर नदीत, बोट माणसांनी भरलेली असताना इंजिन बंद पडलं आणि बोट बंधाऱ्याकडे वाहत निघाली. तिथे पाणी दोन पुरुष खाली कोसळतं. नांगर लागला म्हणून निभावलं. घरी येऊन बाबा जेवले नाहीत, हे भिंगरीने पाहिलं होतं.

काठावर गळ टाकून बसणाऱ्या हौशी मंडळींचा बाबांनी मनसोक्त उद्धार केला आणि ते इंजिनाकडे वळले. भिंगरी आणि सुट्टीला आलेला तिचा मावसभाऊ ढब्बू कापलेला गुंता सोडवत बसले. ढब्बूला कशातही आधी खोट दिसायची. तो म्हणाला, "कुणाचा तुटलेला तंगूस असेल, तर याला गळ कुठाय?"

गळ नव्हता. शिसंही नव्हतं. एका टोकाला होता फक्त छोटासा फास, मागे घट्ट गाठ मारलेला.

हा फास भिंगरीच्या ओळखीचा होता. गळाच्या काठीच्या रिळावर नवा तंगूस चढवताना आधी हाच फास रिळाच्या पोटाला आवळतात आणि मग वर गुंडाळत जातात. तंगूस वर कुठेही तुटो, हा फास आतच राहतो. तो बाहेर येतो फक्त जुना तंगूस मुळापासून उतरवला तर. आणि सगळ्यांची रिळं भरून देणारा माणूस एकच होता, तिचा लाडका मामा.

"मामा असं करणार नाही," ती म्हणाली.

"मग बघून येऊ की. चोर सोडून संन्याशाला फाशी नको."

मामाचं मासेमारीच्या सामानाचं दुकान धक्क्याच्या वरच्या अंगाला, नदीकडे पाठ करून उभं होतं. पुढच्या दाराने गेलं तर तो गप्पांत गुंडाळणार हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून ती दोघं मागच्या गॅलरीत खोक्यांआड जाऊन बसली. कठड्याला एक रीळ घट्ट बसवलेलं होतं. जुन्या तंगुसाचं टोक प्रवाहात सोडलेलं, आणि नदीच तो खेचून नेत होती! रीळ भिरभिरत आपोआप रिकामं होत होतं. मामा शेजारी बसून, शीळ घालत नव्या तंगुसाचं बंडल उघडत होता. हाताला कष्ट नकोत आणि कचरा उचलायला नको. भिंगरीला त्याचा इतका राग याआधी कधीच आला नव्हता.

तेवढ्यात धक्क्यावर घंटा झाली. दुपारची फेरी सुटली. तंगूस पाण्यात ज्या दिशेने ताणला होता, त्याच दिशेला बाबांची बोट निघाली होती.

भिंगरीने झेप घेऊन फिरत्या रिळावर हात दाबला. तंगूस तळव्यात रुतला.

"अगं वेडे, हात कापेल!" मामा ओरडला.

"बाबांची बोट आहे ती. गुंडाळ, मामा. लवकर."

मामाने बोटीकडे पाहिलं. मग ढब्बूने नाकासमोर धरलेला फास पाहिला, आणि त्याला पुढे काही सांगावं लागलं नाही. तो जिवाच्या आकांताने रिळाची मूठ फिरवू लागला. मध्येच तंगूस कशात तरी अडकला. बोट अगदी जवळ आली होती. मामाने हिसका दिला, तंगूस सुटला, आणि त्याचं ओलं टोक कठड्यावर आपटलं. बोट पुढे निघून गेली.

बोट परतली तेव्हा मामा धक्क्यावर उभा होता. "भावोजी, तिन्ही वेळा मीच. पोरांनी फास ओळखला," तो म्हणाला. नदी सगळं दूर वाहून नेते, असं त्याला वाटलं होतं.

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी भिंगरीच्या तळव्याला फडकं बांधलं आणि ढब्बूच्या पाठीवर थाप मारली. "मला तिन्ही वेळा जे दिसलं नाही, ते या पोरांना दिसलं. शाबास." मग मामाकडे न बघताच ते म्हणाले, "काल बोटीत तुझी बायको होती, बाळाला घेऊन. तुला घोर लागेल म्हणून सांगू नका म्हणाली."

मामा भिंगरीशेजारी पायरीवर बसला. त्याने भिंगरीचा फडकं बांधलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.