केर्त्तूचं क्रियापद

दुपारच्या जेवणाला शाल्मली भोईटेने सूपचा चमचा पुढे केला आणि केर्त्तूने तोंड फिरवलं. "एन याक्सा," ती म्हणाली.

पाहुण्याच्या पहिल्या 'नको'ला आपल्याकडे कोण भीक घालतं? शाल्मली तर पक्की सातारकरीण. फिनलंडच्या या वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून येऊन वर्ष झालं, तरी आग्रहाची खोड काही गेली नव्हती. "आजी, एकच घास. माझ्यासाठी."

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या केर्त्तूने तो कसाबसा गिळला. मग पुन्हा तेच, "एन याक्सा."

या वेळी शाल्मलीच्या कानामागचा मणी तापला. शब्दरोपणाचा हा मणी परक्या भाषेचा अर्थ सांगत बसत नाही, थेट अंगात उतरवतो. याक्सा म्हणजे झेपणं, अंगात त्राण असणं; एन याक्सा म्हणजे नाही झेपत. इथली माणसं एकमेकांना झेपतंय का विचारतात आणि नसेल झेपत तर सरळ नाही म्हणतात. शाल्मलीचा हात लुळा पडला. चमचा वरवंट्याएवढा जड झाला आणि ती घाबरली. महिनाभर थकवा होताच, पण सगळ्या परिचारिका थंडीला बोल लावत होत्या.

"तुला कळायलाच हवं," केर्त्तू म्हणाली. "हे क्रियापद माझंच. मणी बनवणाऱ्या प्रयोगशाळेला माझ्या अंगातून मीच दिलं. तेव्हा बर्फावरून रोज दहा किलोमीटर जायचे मी."

शाल्मलीला प्रशिक्षणातलं आठवलं. साठवलेला अर्थ विटतो, म्हणून मणी दात्याच्या शरीराशी कायम जोडलेला असतो. दाता एकच आणि मणी चार हजार परिचारिकांना. म्हणजे केर्त्तूचं त्राण सरलं की सगळ्यांचंच.

तेवढ्यात फोन वाजला. तिच्याच तुकडीतली प्रणोती, औलू शहरातून बोलत होती. "अगं, माझे हात उचलले जात नाहीयेत! आजोबा टबात आहेत, डोकं कसंबसं पाण्याबाहेर धरलंय. हाका मारल्या, पण बाकीच्याही जागच्या जागी बसल्यात!"

"मणी काढ!"

"डॉक्टरशिवाय निघतो का तो? काहीतरी कर!"

शाल्मलीने रडवेली होऊन केर्त्तूला सगळं सांगितलं. मघाच्या घासाने आपल्या बोटांत क्षणभर जराशी तरतरी आली होती, तेही सांगितलं.

"ठाऊक आहे," केर्त्तू म्हणाली. "महिनाभर तुमच्यासाठीच जेवतेय मी. मला झेपतंय का, कुणी विचारलं नाही, बाळ. आता पुरे."

तिने ओठ मिटून घेतले. फोनमध्ये पाणी हिंदकळल्याचा आवाज आला. शाल्मलीने दोन्ही हातांनी चमचा उचलला आणि त्या मिटल्या ओठांपाशी धरला. आता हा घास कुणाच्या नावाने मागायचा?