नाव न घेणारी मेल

आनारकुलचा आवाज गेला, हे एसेनबेकला कळलं तो गुरुवार होता. ती स्वतः, त्याची बायको, वसंतातच गेली होती. आजारपणात ती कॉम्प्युटरसमोर बसून, रेकॉर्डिंग लावून बोलत राहायची, लहानपणचं, आईचं, डोंगरावरच्या उन्हाळ्यांचं. आपण गेल्यावर वर्षाच्या जेवणाला धाकट्या बहिणीला, बुरुलला, हे ऐकवा असं तिने बजावलं होतं. आता चोरांनी त्या सगळ्या फायलींना कुलूप लावलं होतं, ते उघडायला पैसे मागत होते, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती.

कुलूप त्यानेच ओढवून घेतलं होतं. कराकोलच्या कॉलेजात त्याने सारी नोकरी कॉम्प्युटर शिकवण्यात काढली. 'सॉफ्टवेअरची मुदत संपली, खाली दाबा' अशा मेलला भुलणाऱ्यांची त्याला किळस यायची. मेलमध्ये तुमचं नाव नसेल तर ती चोराची, एवढं मेंढीलाही कळतं, असं तो वर्गात म्हणायचा.

या मेलमध्येही नाव नव्हतं. पण त्याच्या पिढीच्या किरगीझ बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि आनारकुलनेही उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. मेलची सुरुवात होती, 'अहो खिडकीपाशी बसणारे'. ती त्याला हीच हाक मारायची. ही हाक घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. पुढे नेहमीचाच कचरा होता, मुदत आज संपते, नूतनीकरण करा.

त्याने दाबलं.

दुरुस्तीचं दुकान चालवणारी जिपारा त्याची जुनी विद्यार्थिनी. तिने येऊन कॉम्प्युटर पाहिला आणि फायली आता परत येणार नाहीत असं सांगितलं. मग हसू दाबत म्हणाली, "सर, मेंढीलाही कळतं म्हणत होतात."

"मेंढीला बायको नसते," तो म्हणाला.

जाताना जिपाराने स्वतः इंटरनेटची वायर उपटून टेबलावर ठेवली.

संध्याकाळी मेल आली. 'अहो, वायर का काढलीत?'

चोरांची काहीतरी युक्ती असणार. भिकारडे लेकाचे, मेलेल्या बाईच्या तोंडून भीक मागतात. त्याने कॉम्प्युटर बंद केला, चादरीत गुंडाळला आणि कपाटावर टाकला.

चार दिवस बरे गेले.

मग नारीनहून बुरुलचा फोन आला. ती रडत होती.

"भावोजी, तुम्ही पाठवलेला ताईचा आवाज ऐकला."

त्याने काहीच पाठवलं नव्हतं.

"किती थकलीय हो ती. तुम्ही मिशी का काढलीत, विचारत होती."

मिशी त्याने परवा काढली होती. त्यानंतर तो घराबाहेर पडला नव्हता.

"अर्धंच आहे पण. पुढचं ऐकायचं तर खाली दाबा, असं लिहिलंय. दाबू का?"

त्याने तोंड उघडलं. त्यालाही पुढचं ऐकायचं होतं.

बुरुल फोन धरून थांबली आहे. त्याचं तिला 'नको' म्हणायचं अजून राहिलंय.