लिलावातली तलवार

सुट्टीच्या दुपारी तो सोफ्यावर लोळत मोबाईलवरचे लिलाव चाळत होता. बाजारपेठेत त्याची रक्ततपासणीची छोटी लॅब होती. आठवडाभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शिरा शोधायच्या आणि सुट्टीला जुन्या हत्यारांवर जीव टाकायचा, असा त्याचा क्रम.

"हे बघ, तलवार," त्यानं बायकोला दाखवलं. "खाली लिहिलंय, शापित आहे, विचार करून घ्या."

"नको हो," इस्त्री फिरवत बायको म्हणाली. "तुमची ताई अधूनमधून राहायला येते, तेवढं पुरे आहे आपल्याला."

दोघंही हसली. संध्याकाळपर्यंत लिलाव त्याच्या नावावर सुटला होता.

तलवार आली ती जुन्या सतरंजीत गुंडाळून. म्यान काळ्या चामड्याचं, मूठ हाताळून गुळगुळीत झालेली. पातं काही केल्या बाहेर येईना. गंजून बसलं असेल, असं म्हणत त्यानं म्यानाच्या तोंडाशी तेल सोडलं आणि बैठकीच्या खोलीत, चपलांच्या कपाटावर ती खिळ्यांना टांगली. एका हातानं, अगदी सहज.

काही दिवसांनी दाढी करताना त्याच्या हनुवटीला कापलं. आरशात कातडीची फट स्वच्छ दिसत होती, पण रक्त येईना. थंडीनं शिरा आकसल्या असतील, त्यानं मनाशी म्हटलं. मग भाजी चिरताना बायकोच्या बोटात सुरी गेली. "बघा, चांगली खोल गेलीय, आणि एक थेंब नाही!" तिला त्याचं कौतुकच वाटलं. लॅबमध्ये जाऊन त्यानं स्वतःच्या बोटाला सुई टोचली. टपोरा लाल थेंब वर आला. घरी येऊन शेजारच्या बोटाला टोचली, दाबदाबून पाहिलं. बोट पांढरं पडलं, तेवढंच.

रविवारी धूळ पुसायला त्यानं तलवार काढली, तर दोन्ही हात लावावे लागले. भिंतीतले खिळे खाली वाकले होते.

त्यानंतर पडदे बदलताना बायकोच्या पायाखालचं स्टूल घसरलं आणि तिचा हात खिडकीच्या काचेतून आरपार गेला. आवाज ऐकून तो धावला. ती जमिनीवर बसून हाताकडे बघत होती. कोपरापासून मनगटापर्यंत हात उघडा पडला होता. आयुष्यभर शिरा बघितलेल्या त्याला तुटलेल्या शिरेची दोन्ही टोकं दिसली. काचा कोरड्या होत्या.

"दुखत नाही हो फारसं," ती म्हणाली. "पण हे असं कसं?"

इमारतीतल्याच डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली आणि हातातला कापूस तसाच ठेवला.

"कधी लागलं?"

"आत्ताच."

"आत्ता?" त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग टाके घातले. जाताना नेहमीसारखं 'परत दाखवायला या' म्हणाल्या नाहीत.

घरी येऊन त्यानं तलवार विकणाऱ्याला फोन लावला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता.

"मी ती परत पाठवतोय. पैसे नकोत मला."

"घरात कुणाला लागलंय का?"

"बायकोला."

"मग पाठवू नका," म्हातारा म्हणाला. "मी विकली तेव्हा घरात मी एकटाच उरलो होतो."

म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना त्याच्या हनुवटीला पुन्हा कापलं, कोरडंच. तेवढ्यात कुरिअरवाला आला. दोघांनी धरून तलवारीची पेटी खाली नेली.

"काय भरलंय साहेब, दगड?"

गाडी सुरू झाली. कोपऱ्यावर वळली.

त्याच्या हनुवटीवरून काहीतरी ओघळलं. त्यानं हात लावला. बोटं लाल.

तो धावत सुटला. एवढा तो शाळेतही धावला नव्हता. सिग्नलला गाडी थांबली होती म्हणून सापडली. कुरिअरवाला काय म्हणत होता, ते त्याला ऐकू आलं नाही. पेटी पोटाशी कवटाळून, दोनदा गुडघ्यांवर पडून तो घरी पोचला.

बायको स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. पट्टी लालभडक झाली होती. फरशीवर, खुर्चीच्या पायाशी, थारोळं.

"मघाशी एकदम भडभडून आलं," ती हळू आवाजात म्हणाली. "पण आता थांबलं बघा. बरं वाटतंय मला. अगदी बरं वाटतंय."

त्याला पेटी खाली ठेवायची होती, पण ठेवली नाही. छातीत धडधडत होतं. तो दम खात तसाच उभा राहिला. श्वास शांत झाला, छाती शांत झाली.

पेटीतलं धडधडणं सावकाश, एका लयीत चालूच होतं.

तो खुर्चीशी बसला. तिचा चांगला हात हातात घेऊन मनगटावर बोटं ठेवली. जागा बदलून पुन्हा ठेवली. मग गळ्याशी.

ती हसली. "काय लागतंय हो बोटांना?"

"काही नाही," तो म्हणाला.