अकरा दिवस मुका भोंगा

“बाबांनी भोंगा बंद केला नव्हता! खोटं बोलायलेत सगळे!” टॉवेल कारखान्याच्या फाटकाशी सायकल लावत धनलक्ष्मी म्हणाली.

तिचे वर्गमित्र धम्मदीप आणि रेश्मा यांनीही आपापल्या सायकली लावल्या. उन्हाळी सुट्टीत तिघं मिळून हिप्परगा तलावावर जाणार होते. पण तेरा मेला कारखान्याला आग लागली. आगीचा इशारा देणारा भोंगा वाजलाच नाही. विणकर रुद्रप्पा आत गुदमरून मरण पावले. त्यांना बाहेर ओढायला धावलेल्या, तिथेच कामाला असलेल्या धनलक्ष्मीच्या बाबांचे, नरसय्यांचे, दोन्ही हात भाजले. आणि आता भोंग्याची देखभाल करणारा ठेकेदार दिग्विजय सांगत होता, की आवाजाला वैतागून नरसय्यांनीच भोंगा बंद केला!

आत दिग्विजय भोंग्याची पेटी उघडून बसला होता. पेटीत तळहाताएवढा कॉम्प्युटर होता. त्यातलं मेमरी कार्ड काढून तो नवं बसवत होता.

“काका, जुनं कार्ड द्या की! शाळेच्या प्रकल्पाला हवंय,” रेश्मा साळसूदपणे म्हणाली.

“घ्या, भंगार हाय ते!”

धम्मदीपच्या दादाच्या लॅपटॉपवर कार्ड उघडलं. तिघं त्यातल्या तापमानाच्या नोंदी वाचू लागले.

“शेवटची नोंद दोन मेची!” धम्मदीप ओरडला. “हा कॉम्प्युटर कार्डावरूनच सुरू होतो. कार्ड खराब झालं की तो सुरूच होत नाही. नुसता लाल दिवा जळत राहतो, म्हणून कुणाला कळत नाही!”

“म्हणजे भोंगा अकरा दिवस मेलेलाच होता?” धनलक्ष्मीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी चौकशीला शालन मॅडम आल्या. त्या सरकारी निरीक्षक होत्या. मुलांनी सगळं सांगताच दिग्विजय भडकला. “या पोरांनीच नोंदी बदलल्या असतील!”

“मग तुम्ही बदलून दाखवा!” धम्मदीप म्हणाला. “कार्ड झिजलंय. वाचता येतं, पण त्यावर एक अक्षरही लिहिता येत नाही!”

मॅडमनी स्वतः तीनदा प्रयत्न केला. एक अक्षर उमटेना.

“झिजलं कशानं?” त्यांनी विचारलं.

“कॉम्प्युटर दर सेकंदाला तापमान त्यावरच लिहायचा म्हणून,” धम्मदीप म्हणाला. “ काकांनी पुन्हा तसलंच कार्ड बसवलंय, तेही असंच जाणार. इथं एसएसडी, म्हणजे जास्त टिकणारी डिस्क हवी. ती इतक्या लवकर झिजत नाही. आणि भोंगा दर आठवड्याला वाजवून बघायला हवा.”

मॅडमनी दिग्विजयकडे पाहिलं. “शेवटचा कधी वाजवून बघितला होता?”

“बसवला तवा,” दिग्विजय पुटपुटला.

“आम्ही मोठ्यांनी करायचं काम तुम्ही केलंत, मुलांनो. शाबास!” मॅडम म्हणाल्या. त्यांनी अहवालात नरसय्या निर्दोष असल्याचं लिहिलं. एसएसडी बसेपर्यंत कारखाना बंद ठेवायला लावला.

दवाखान्यात नरसय्यांनी ते ऐकलं. “आधी शिवबाईला सांगा,” ते एवढंच बोलले.

शिवबाई म्हणजे रुद्रप्पांची बायको. आगीनंतर ती धनलक्ष्मीच्या घराकडे बघतही नव्हती. तिच्या उंबऱ्यात उभं राहून धनलक्ष्मीनं तिला सगळं सांगितलं. शिवबाई उठून दाराशी आली.

“त्यो माझ्या माणसाला आणाय आत गेल्ता, व्हय?”

धनलक्ष्मीनं होकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी शिवबाई डबा घेऊन दवाखान्यात आली. नरसय्यांच्या हातांना पट्ट्या होत्या. तिनं भाकरी दुधात कुस्करली आणि एकेक घास त्यांना भरवू लागली. दोघंही रडत होते.